पाणकावळे आणि सांडवा : तलावावरच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

आजपासून पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर. शाळांत पक्ष्यांची चित्रं लागतात. आमच्या मच्छीमार संस्थेच्या मीटिंगमध्ये आजच ठराव झाला, की पाणकावळ्यांनी केलेल्या नुकसानीचा अहवाल करून वर पाठवायचा.

तात्या चेअरमन आणि माझे चुलते. मी सचिव, कारण बी.एस्सी. झालेला घरात मीच. "तू प्राणिशास्त्र शिकलायस न्हवं? मग लिही. पाखरं किती, खात्यात किती, आमचं गेलं किती. तीन कॉलम." एवढं बोलून त्यांनी चहा मागवला.

एकाने छर्‍याच्या बंदुकीचं काढलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पाणकावळा मारला तर केस होते, हे मी सांगितलं. "मग कायद्यालाच इचार, मासं कुठं गेलं," असं उत्तर आलं. सगळे हसले. मीही हसलो, पण प्रश्न बरोबर होता.

१० नोव्हेंबर, रविवार

पहिली मोजणी. पहाटे सहाला भरावावर. तलाव करवीर तालुक्यातला, पूर्ण भरला की चाळीस एकर पाणी. कॉलेजच्या मॅडमनी तिथली जुनी दुर्बीण दिली आहे, डावी काच धूसर.

पाणकावळे ४१. सगळे छोटा पाणकावळा ह्या जातीचे, मोठ्या जातीचा एकही नाही. वंचक (आमच्याकडे ढोकरी) १४, लहान बगळे ३०च्या आसपास, राखी बगळे २, कवड्या खंड्याची जोडी, टिबुकल्या मोजता आल्या नाहीत कारण त्या दर वेळी बुडतात आणि दुसरीकडेच निघतात. नदीसुरय ३.

मोजायला बसलो की कळतं, यात मासे खाणारे सगळे आहेत, पण नाव फक्त पाणकावळ्याचं. खंड्याला कोणी बोलत नाही, तो देखणा आहे. बगळ्याला तर भजनात जागा. पाणकावळा काळा, वर पंख पसरून खांबावर बसणार. त्याच्या पिसांत पाणी मुरतं, म्हणून तो वाळवत असतो. आमच्या लोकांना वाटतं पोट भरून ऐसपैस बसलाय.

१७ नोव्हेंबर, रविवार

पाणकावळे ३६. आज मोजणी कमी, बघणं जास्त.

भरावाच्या दगडांपासून वीसेक हातांवर एक बुडाला. मनात अंक मोजत होतो, अठराला वर आला. चोचीत आडवा मासा, बोटाच्या दोन पेरांएवढा, चिलापी. लगेच गिळला नाही. हवेत उडवून डोकं पुढे करून घेऊ लागला. चिलापीच्या पाठीवरचा पर काट्यांचा असतो, शेपटीकडून गिळला तर घशात उभा राहील. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बसलं, मान फुगली आणि खाली गेली. शेजारी एक बगळा पायाने चिखल ढवळत उभा होता. पाणकावळ्यांच्या धाकाने काठाला आलेले मुऱ्ये आणि झिंगे तो आयते टिपत होता.

मग मला सुचलं ते हे : कटला विकतो आम्ही किलो-दीड किलोचा. हा पक्षी अख्खा भरतो अर्धा किलोच्या आत. ह्याच्या घशातून जाईल तो मासा बोटभर. म्हणजे आमचा विकायचा मासा ह्याने खाल्लेला असूच शकत नाही. खाल्ला असेल तर त्याचं बाळपण खाल्लं असेल. पण ती फिर्याद वेगळी झाली.

१ डिसेंबर, रविवार

दप्तर उघडलं. तलाव संस्थेला ठेक्याने. विक्रीच्या वहीतून :

२०२१-२२ : ६४०० किलो
२०२२-२३ : ५१०० किलो
२०२३-२४ : २९०० किलो

पहिल्या वर्षाशी तुलना केली तर साडेतीन टन गायब. बीज, म्हणजे माशांची पिल्लं, दरवर्षी साठ हजार सोडल्याची पावती आहे, कटला, रोहू, मृगळ असं मिश्र.

तीनही वर्षांत चिलापीची नोंद नीट नाही. "किरकोळ" म्हणून एकच आकडा. ती कटल्याच्या निम्म्या भावाने जाते म्हणून कोणी लिहीत नाही. पण जाळ्यात बघितलं तर तीच भरपूर. चिलापी भारतात १९५२ ला आणली, आफ्रिकेची. तोंडात पिल्लं सांभाळते, वर्षात कितीदा तरी विते, आणि संख्या वाढली की सगळीच खुजी राहतात. तळहाताएवढ्या, अंड्यावर आलेल्या चिलापी आमच्या तलावात शेकड्याने.

तात्यांना दाखवलं. "चिलापी काय पाखरानं आणली व्हय?" म्हणाले. नाही आणली. पण खातो तर तीच.

१५ डिसेंबर, रविवार

तलावाच्या पश्चिमेला बाभळी आहेत, तिथे पाणकावळे रात्री उतरतात. खालची माती पांढरी झालीय आणि वास असा, की गाडी लावल्यावर कळतं. आज तिथून ओकाऱ्या गोळा केल्या. पाणकावळा न पचलेलं हाडूक-खवलं चिकट पडद्यात गुंडाळून तोंडावाटे टाकतो, सुपारीएवढी गोळी. ताजी असली तर बुळबुळीत, वाळली की राखेसारखी विरते. ताज्याच उचलाव्या लागतात, म्हणजे पहाटे, आणि डोक्यावर टोपी घालून.

सोबत पुतण्या आला होता. त्याने पहिली गोळी काडीने उलटी केली, "काका, ह्यात काटं हाईत," म्हणाला आणि नंतर माझ्यापेक्षा जास्त गोळ्या त्यानेच शोधल्या. दोघांच्या मिळून १९.

२२ डिसेंबर

बाभळीखाली आणखी २७. एकूण ४६.

१२ जानेवारी २०२५, रविवार

जानेवारीत सगळीकडे पाणपक्षी गणना चालते, आशियाई, १९८७ पासूनची. मॅडमच्या विद्यार्थ्यांबरोबर कोल्हापुरात रंकाळा आणि कळंबा तलावांवर गेलो. रंकाळ्यावर पाणकावळे आहेत, पण तिथे त्यांच्यावर राग कोणाचा नाही. संध्याकाळी फिरायला आलेले लोक त्यांचे फोटो काढतात. राग येतो तो जिथे मासा कोणाच्या तरी वहीत लिहिलेला असतो तिथे.

दुपारी कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली गोळ्या बशीत भिजवून उघडल्या. ४६ पैकी ३१ मध्ये ओळखता येईल असं काही सापडलं. २४ मध्ये चिलापीच्या पराचे काटे. ९ मध्ये झिंग्यांचे तुकडे. ५ मध्ये घशातले दात. रोहू-कटला-मृगळ या जातीच्या माशांना जबड्यात दात नसतात, घशात असतात, आणि ते न विरघळता राहतात. (बेरीज ३१ च्या वर जाते, एकेका गोळीत दोन-दोन प्रकार होते.)

म्हणजे पक्षी निर्दोष सुटला का? मला तसंच लिहायचं होतं, खरं सांगतो. गेला महिना-दीड महिना मी मनातून त्याचा वकील झालो होतो. मॅडमनी थांबवलं. म्हणाल्या, इवल्याशा पिल्लांची हाडं पोटात पूर्ण विरघळतात, त्यांचा पुरावा गोळीत उरतच नाही. चिलापीचा काटा कठीण म्हणून तो दिसतो. आणि या डिसेंबरातल्या गोळ्या आहेत, बीज सोडतात जुलैत. "जुलैतलं काय?" जुलैतलं माझ्याकडे काही नव्हतं.

वहीत लाल पेनाने लिहून ठेवलं : जुलै.

२ फेब्रुवारी, रविवार

बारा मोजण्या झाल्या. सरासरी ३४ पाणकावळे, एकदाच ६१.

आता तात्यांचे तीन कॉलम. पाणकावळा दिवसाला साधारण आपल्या वजनाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकं खातो. छोट्याचं वजन साडेचारशे ग्रॅम धरलं तर ऐंशी ग्रॅम. ३४ गुणिले ८० म्हणजे २ किलो ७०० ग्रॅम रोज. नोव्हेंबर ते फेब्रुवारी १२० दिवस : सव्वातीनशे किलो. बगळे, ढोकरी, खंड्या सगळ्यांचं मिळून आणखी तेवढंच धरू. उदार मनाने साडेसहाशे किलो.

तूट साडेतीन टन. आणि ह्या साडेसहाशेत बहुतेक चिलापी आणि झिंगे.

तात्यांनी आकडेमोड दोनदा तपासली. मग म्हणाले, "पण साडेसहाशे किलो म्हंजी थोडं हाय व्हय?" थोडं नाही. हे मलाही मान्य करावं लागलं. पण उरलेले अठ्ठावीसशे किलो कोण खातंय, हे कोणीच विचारत नाही, कारण ते भरावावर बसून पंख वाळवत नाही.

९ फेब्रुवारी

अमेरिकेतलं एक उदाहरण वाचलं, न्यूयॉर्क राज्यातला ओनाइडा तलाव. तिथल्या मासेमारांनीही पाणकावळ्यांकडे बोट दाखवलं आणि शास्त्रज्ञांनी अनेक वर्षं मोजून सांगितलं, की तक्रारीत तथ्य आहे. तिथले पाणकावळे दोन किलोंचे. ते मोठे व्हायच्या बेतातले मासे उचलत होते, म्हणजे पिल्लू असतानाच्या सगळ्या संकटांतून पार पडलेले. पिल्लं खाल्ली तर शंभरातली नव्वद तशीही मरणारच असतात. पण वयात येणारा मासा खाल्ला तर थेट विक्रीच्या टोपलीतून एक कमी होतो.

कोणता पक्षी, कोणत्या वयाचा मासा, हे न विचारता "पक्षी खातात" म्हणणं आणि "पक्षी काही करत नाहीत" म्हणणं सारखंच पोकळ. आमचा पक्षी अर्धा किलोचा आहे.

जपानात गिफूला नागारा नदीवर पाणकावळे पाळून मासे पकडतात, तेराशे वर्षांची परंपरा. गळ्यात दोरी बांधतात, मोठा मासा गिळता येत नाही, तो मालकाला. तात्यांना सांगितलं. "आपल्यात बांधायची का दोरी?" इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पाणकावळ्याबद्दल कोणी हसून बोललं.

१६ मार्च, रविवार

आठ दिवस तलावावर जाणं झालं नाही. आज गेलो तर पाणी दोन वावं खाली. काठाने अकरा मोटारी मोजल्या, ऊस आहे सगळीकडे. उसाला पाणी द्यायचं नाही असं कोण म्हणणार, मीच दोन एकरांत ऊस लावलाय. पण चाळीस एकराच्या पाण्यातले मासे बारा एकरात आले की पक्ष्याला जाळं लागत नाही. पाणकावळे ५८. गर्दी वाढली, कारण ताट लहान झालं.

तात्या भरावावरून दगड मारत होते. एकही लागला नाही.

६ एप्रिल, रविवार

पहाटे साडेपाचला पाण्यातला प्राणवायू मोजला. मॅडमचं रसायनांचं किट, बाटलीत थेंब टाकायचे आणि रंग जाईपर्यंत मोजायचे. लिटरला दोन मिलिग्रॅमला थोडा वर. दुपारी तीनला तिथेच नऊ.

शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री तेच ओढून घेतं, म्हणून पहाट सगळ्यात वाईट. ओढ्याने गावाचं सांडपाणी येतं, त्यावर शेवाळ आणि केंदाळ माजतं. चांगल्या वाढीला पाच तरी लागतो. दोनवर रोहू मरत नाही कदाचित, पण खाणं सोडतो. खात नाही तो वाढत नाही. चिलापी मात्र ह्यात मजेत.

पहाटे पृष्ठभागावर मासे तोंड काढून गप गप करत होते. आणि नेमके तिथेच बगळे. पुतण्याने विचारलं, "काका, पाखरांना कसं कळतं?" त्यांना काय कळायचं, तोंड वर काढलेला मासा कोणालाही दिसतो.

१३ एप्रिल

शिरोळकडे काम होतं, तिथून एका बंधाऱ्यावर गेलो. बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले, पाणी काळं आणि साबणासारखा फेस. पंचगंगेचं हे दर उन्हाळ्यात होतं. शहरांची गटारं, कारखान्यांचं पाणी, सगळं बरग्यांमागे थांबतं आणि वरून एक लाट आली की मासे तडफडत काठाला लागतात. मरळ, वाम, खवल्या, सगळ्यांची एकच पंगत. बगळे शंभराच्या वर. घारी वरून. कुत्री खालून. बादल्या घेऊन माणसं.

संध्याकाळी आमच्या गावच्या ग्रुपवर त्याच बंधाऱ्याचा फोटो आला, पांढऱ्या बगळ्यांनी भरलेला. खाली लिहिलं होतं, "बघा नदीतलं मासं कोण संपवतंय." फोटो खरा होता. मीही तिथे उभा होतो. मी उत्तर टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं आणि झोपलो.

४ मे, रविवार

तात्यांबरोबर जाळं बघायला. टायरच्या इनरवर बसून ते तंगूस (नायलॉनचं जाळं) सोडतात, साठीतसुद्धा पाय बुडवून तासभर. आज पहिल्यांदा मी जाळ्याची आस, म्हणजे छिद्राचं माप, मोजली. दोन बोटंसुद्धा आत जाईनात. विचारलं, तर म्हणाले, मोठ्या आसेत काही लागत नाही म्हणून तीन वर्षांपूर्वी बदलली.

टोपलीत पाव किलोचे कटले. पुढच्या दिवाळीला किलोचे झाले असते. ते व्यापाऱ्याला चिलापीच्या भावात गेले.

मी काही बोललो नाही. तात्याच म्हणाले, "पावसापतुर पाणी ऱ्हायलं न्हाई तर मरणारच की. मेल्यापरीस इकल्यालं बरं." ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. मोटारी अकराच्या चौदा झाल्या आहेत.

२६ मे, सोमवार

पाऊस मेमध्येच आला. मोसमी वारे महाराष्ट्रात इतक्या लवकर आल्याचं कोणाच्या आठवणीत नाही. शेजारच्या ओढ्यावरच्या बंधाऱ्याचे बरगे अजून काढायचे होते.

रात्री नऊला पुतण्या धावत आला, चढणीचे मासे लागलेत. ओढ्यावर अख्खं गाव. बॅटऱ्या, काठ्या, बुट्ट्या, मच्छरदाण्या, एकाकडे तर साडी. पहिल्या पाण्याला मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात. बंधाऱ्याच्या भिंतीशी येऊन अडतात, उड्या मारतात, पडतात, पुन्हा मारतात. खालच्या डबक्यात हात घातला तरी मासा लागतो. प्रत्येकाचं पोट टम्म. दाबलं की गाभोळी बोटावर.

रात्रीचे पक्षी : शून्य. पाणकावळे बाभळीवर झोपले होते. माणसं : साठपर्यंत मोजली, मग मीच ओढ्यात उतरलो.

गाभोळीचा रस्सा आईने केला. नोंद म्हणून लिहितोय, दोनदा वाढून घेतला.

१ जून, रविवार

काल तलावाच्या सांडव्यावर, जादा पाणी बाहेर पडतं तिथे, गेलो. कसा इतके दिवस गेलो नाही, आश्चर्य वाटतं. सांडव्याच्या तोंडाशी लोखंडी चौकटीचे गज उभे आहेत, जाळी नाही.

आबा, वय ऐंशी, संस्थेचे जुने सभासद, त्यांनी सांगितलं. जाळी होती. २०२२ च्या पावसात केंदाळ येऊन तिला चिकटलं, पाणी भरावावर चढायला लागलं, गाव घाबरलं, रात्रीत जाळी कापून काढली. बरोबरच केलं, भराव फुटला असता तर घरं गेली असती. पण नंतर परत बसवली नाही. कोणाच्या वहीत लिहिलेलं नाही, जाळी काढली म्हणून.

मग तारखा जुळवल्या. गेल्या वर्षी बीज सोडलं ८ जुलैला. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली होती, रस्ते बंद होते. त्या दिवसांत आमचा सांडवा किती दिवस वाहत होता? आबा म्हणाले बारा-तेरा. मासा वाहत्या पाण्याकडे ओढला जातो, विशेषतः कटल्याचं पिल्लू, ते पाण्याच्या वरच्या थरात वावरतं.

तेरा दिवस आमचे कटले ओढ्यातून नदीला, नदीतून कृष्णेला. विक्री पडली ती २०२२-२३ पासून, जाळी गेली ती २०२२ ला. सगळी तूट जाळीची असं मी म्हणत नाही, आसही त्याच सुमाराला बारीक झाली. पण वहीतली उतरण आणि कापलेली जाळी एकाच पावसातली आहेत.

दुपारी तात्यांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. "म्या बी हुतो त्या रात्री," म्हणाले. "म्याच कापली."

१९ जून, गुरुवार

काल सोलापुरात चितमपल्ली गेले. पक्ष्यांची, झाडांची लोकांच्या तोंडची नावं त्यांनी आयुष्यभर गोळा केली. आबांना विचारून आज आमच्या तलावावरच्या पक्ष्यांची गावची नावं लिहून काढली. पाणकावळ्याला आबा "बुड्या" म्हणतात. चांगलं नाव आहे.

१० जुलै, गुरुवार

आज मत्स्यशेतकरी दिन. १९५७ साली ह्याच तारखेला हिरालाल चौधरींनी ओडिशात अंगुलला इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवलं, म्हणून. त्याआधी बीज नदीतून गोळा करावं लागे. आता पिशवीतून येतं. नेमकं आजच आमचंही आलं.

साठ पिशव्या, प्राणवायू भरलेल्या, पावतीवर एका पिशवीत हजार. ह्या वर्षी मी अडून बसलो, मोजल्याशिवाय सोडायचं नाही. पुरवठादाराच्या माणसाने एक वाटी मोजून दाखवली आणि तिला पाढ्याने गुणलं. मी तीन पिशव्या टबात ओतून एकेक मोजल्या, आई, पुतण्या आणि मी, दीड तास. ७१०, ६८४, ७६०.

म्हणजे साठ हजारांचे त्रेचाळीस हजार. मागच्या वर्षांत किती होते, देव जाणे.

आणि आकार. पावतीवर लिहिलंय बोटुकली. बोटुकली म्हणजे नावाप्रमाणे बोटाएवढी. आली ती नखाएवढी, एक ग्रॅमसुद्धा भरणार नाही.

इथे जानेवारीतलं लाल पेन कामाला आलं. पाणकावळ्याला दिवसाला ऐंशी ग्रॅम. पाच ग्रॅमची बोटुकली असेल तर सोळा पिल्लांत त्याचं भागतं. एका ग्रॅमची असेल तर ऐंशी लागतात. आज तलावावर पंधरा पाणकावळे आहेत, बाकीचे घरटी करायला पांगलेत. पंधरा पक्षी, बोटभर बीज : दिवसाला २४०. तेच पंधरा, नखभर बीज : बाराशे. दहा दिवसांत बारा हजार, आलेल्या त्रेचाळीस हजारांतून.

ह्या दहा दिवसांपुरते तात्या बरोबर आहेत. हिशेब कागदावरचा आहे, एवढी सगळी पिल्लं त्याला मिळतीलच असं नाही. तरी एवढं कबूल करतो, की पक्षी इथे खरंच खातो, भरपूर खातो. फक्त त्याला पाचपट भूक आम्ही विकत आणून दिली.

निर्णय : बीज थेट सोडलं नाही. पिशव्या वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतलं-बाहेरचं तापमान एक होईपर्यंत, आणि मग उथळ कोपऱ्यात बांबू रोवून केलेल्या जाळीच्या कोंडवाड्यात सोडलं. वरून जुनं तंगूस आडवं ताणलं. महिना-दीड महिना भुसा आणि पेंड घालून तिथेच वाढवायचं. पैशांचा प्रश्न होता. पुरवठादाराकडून कमी भरलेल्या पिल्लांचे पैसे कापून घेतले, तो बराच वेळ फोनवर बोलत होता.

१३ जुलै, रविवार

पहिल्याच दिवशी कोंडवाड्याच्या बांबूवर पाच पाणकावळे. आत जाता येईना. एक तंगुसात पायाने अडकला, तात्यांनीच सोडवला. चोच मारून त्याने त्यांच्या अंगठ्याचं रक्त काढलं. "उपकाराची जाण न्हाई," म्हणाले. दगड मात्र मारला नाही.

२० जुलै

सांडव्याची नवी जाळी बसली. ह्या वेळी तिरकी, आणि पुढे बांबूचा तरंगता दांडा आडवा टाकलाय, केंदाळ त्याला अडकावं म्हणून. कल्पना आबांची. पाळी लावली आहे, पाऊस जास्त असेल त्या दिवशी दर चार तासांनी एकाने केंदाळ ओढायचं. आज रात्रीची पाळी माझी.

३ ऑगस्ट, रविवार

अहवाल लिहिला. छापील फॉर्ममध्ये "नुकसानीचे कारण" ह्या ओळीला एक इंच जागा आहे. मी मागे चार पानं जोडली. सांडवा, बिजाची संख्या आणि आकार, जाळ्याची आस, मोटारी, सांडपाणी, चढणीची मासेमारी (स्वतःसकट), आणि पक्षी : हिवाळ्यात बहुतांश चिलापीवर, जुलैतल्या दहा-पंधरा दिवसांत बिजावर.

तात्यांनी सही केली. त्याआधी एक शब्द बदलायला लावला. "सांडव्याची जाळी काढण्यात आली" असं मी लिहिलं होतं. त्यांनी पेन घेऊन "संस्थेने काढली" केलं.

१० ऑगस्ट, रविवार

पहाटे सहा. रात्रभर पाऊस, सांडवा एक फुटाने वाहतोय. दांड्याला केंदाळाची गादी, पुतण्याने आणि मी दोन तास ओढली. जाळीला लागलेले मासे : कटला २, दोन्ही जिवंत, परत सोडले. चिलापी ११, बादलीत.

पाणकावळे ९. कोंडवाड्यातल्या पिल्लांची लांबी वीस नमुन्यांवरून, अंगठ्याएवढ्यापासून करंगळीएवढ्यापर्यंत. पुढच्या रविवारी पुन्हा मोजायची.